हौसेचे मोल आणि बचतीचा हिशेब

लिलाव ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या अडत बाजारात सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या ढिगांभोवती बोली चालते. लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे आणि लाल कंधारी जनावरांचे सौदे होतात. आपण कशाचे मोल करीत आहोत हे तेथे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असते. सोयाबीनला भाव येतो तो तेल आणि पेंडीमुळे. बैलाला भाव येतो तो त्याच्या खांद्यातील बळामुळे. आता मात्र निराळ्याच लिलावाची भाषा आपल्या नोकरदार वर्गाच्या कानी पडू लागली आहे. जुन्या मोटारी घेऊन ठेवाव्यात, त्यांचा भाव जमिनीसारखा चढतो, असे सांगितले जाते. या सांगण्याची शहानिशा करणे अगत्याचे आहे. कारण येथे पणाला लागणारा पैसा धनिकाचा नसून शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या आयुष्यभराच्या बचतीचा आहे.

या समजुतीचे मूळ अमेरिकेत आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथील कारखान्यांनी मध्यम आकाराच्या मोटारींत अवाढव्य इंजिने बसवून ‘मसल कार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्या काढल्या. विम्याचे वाढते दर, धुरावरील निर्बंध आणि १९७३ ची तेलटंचाई यांमुळे ती लाट ओसरली. ज्या तरुणांना तेव्हा या गाड्या परवडल्या नाहीत, त्यांनीच पुढे हाती पैसा आल्यावर त्यांना भाव आणला. १९७१ सालच्या एका उघड्या ‘प्लिमथ हेमी कूडा’ गाडीवर २०१४ साली ३५ लाख डॉलरला हातोडा पडला. तशा गाड्या त्या वर्षी अवघ्या ११ निघाल्या होत्या.

सर्वांत बोलकी कथा ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटातील फोर्ड मस्टँगची आहे. एका साध्या कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६ हजार डॉलरला घेतली. घरातील बाई शिक्षिका होत्या आणि त्या हीच मोटार घेऊन शाळेत जात. पुढे क्लच निकामी झाला आणि गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली ठरली. १० टक्के दलालीसह घेणाऱ्यास ३७ लाख ४० हजार डॉलर मोजावे लागले. हिशेब केला तर हा वाढावा ४६ वर्षे दरसाल सुमारे १५ टक्के चक्रवाढीचा आहे.

आकडा डोळे दिपविणारा आहे खरा. परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. ते कुटुंब गुंतवणूक करावयास निघाले नव्हते. त्यांना घरासाठी गाडी हवी होती. दुसरे असे की, मोल आले ते पडद्यावर धावलेल्या एका विशिष्ट गाडीस. त्याच वर्षीच्या तीन लाखांहून अधिक मस्टँग कारखान्याबाहेर पडल्या होत्या. त्यांपैकी बहुतेकांचे नाव कोणत्याही लिलावाच्या बातमीत आले नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर याच मसल कारच्या किमती जोराने कोसळल्या, हेही लक्षात ठेवावयास हवे.

आपल्याकडे या जातीच्या जवळ जाणारी गाडी म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. १९८४ ते २००२ या काळात ती निघाली. तिचा रुबाब मोठा होता. पण आरंभीचे इंजिन जेमतेम दीड लिटरचे, म्हणजे अंग पहिलवानाचे आणि दम पोरसवदा. आज तिचे चाहते वाढले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ ठरण्यास पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे लोटावी लागतात. म्हणजे पहिल्या कॉन्टेसालाही तो मान २०३४ पूर्वी मिळणार नाही. तोवर खाजगी मोटारीचा १५ वर्षांचा नियम आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण तिला चुकत नाही. मान मिळाला तरी नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे, आणि अशी गाडी प्रदर्शने, मेळावे, इंधन व दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ती भाड्याने लावून चार पैसे मिळविण्याची सोय नाही.

येथेच खरा भेद आहे. शेत पीक देते, घर भाडे देते, ठेव व्याज देते. उभी मोटार मात्र काही देत नाही, उलट छप्पर, विमा, सुटे भाग आणि कारागीर मागते. तिचे मोल एकाच गोष्टीवर टिकून असते: उद्या आपल्याहून अधिक हौशी आणि अधिक सधन माणूस दारी येईल, या आशेवर. २०२० पासून २०२५ पर्यंत सर्वसाधारण भविष्यनिर्वाह निधीस ७.१ टक्के व्याज मिळाले. या दराने रक्कम दहा वर्षांत दुप्पट होते. जुन्या गाडीने हा सगळा खर्च भागवून, दलाली देऊन, शिवाय दुप्पट व्हावे, तेव्हा कुठे ती त्या साध्या खात्याच्या बरोबरीस येईल. मुलीच्या शिक्षणाची फी भरण्याचा दिवस आला की खात्यातून रक्कम काढता येते. गाडीला मात्र त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

याचा अर्थ जुन्या गाड्या भंगारात जाव्यात असा नव्हे. वडिलांची पद्मिनी किंवा येझदी कोणी जिवापाड जपत असेल, तर त्याचे कौतुकच करावे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी रद्द होऊन ती मोडीत निघत आहेत. त्यांपैकी एखादी जीप नांदेड व लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विद्यार्थ्यांच्या हाती अभ्यासासाठी राहिली, तर शासनाचे काही बिघडणार नाही. हौस ही हौस म्हणून करावी आणि तिचा खर्च खर्चाच्याच रकान्यात मांडावा. तो बचतीच्या रकान्यात मांडला की फसगत सुरू होते, आणि तिची किंमत घरातील सर्वांना मोजावी लागते.