खाटेवरची पाटी

२०२३ साली, पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. त्याची हकिगत सांगून सहानुभूती मिळवावी असा हेतू नाही; ज्याला त्याला आपले ऑपरेशन मोठेच वाटते. सांगायची आहे ती माझ्या खाटेला अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या पाटीची गोष्ट. तिच्यावर लाल शाईत तीन इंग्रजी अक्षरे होती : एन.बी.एम. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मला ती कुणा डॉक्टरांची पदवी वाटली. पहाटे शेजारच्या खाटेजवळच्या मावशींनी मायेने कपभर चहा पुढे केला, मी घेतला. झाले! ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. 'तोंडावाटे काही देऊ नये' असा त्या अक्षरांचा अर्थ. भुलीच्या अमलात पोटातले वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून रुग्णाला उपाशी ठेवतात, हे मला बोलणी खाल्ल्यावर कळले. पाटी लावलेली होती, तेव्हा चूक अर्थातच माझी!

पण खरी भीती वेगळीच होती. सतराव्या वर्षी माणूस मरणाला फारसा भीत नाही. ऑपरेशन जांघेतले, कपडे कोण उतरवणार, तिथे सिस्टर असतील का, पुढे संसाराला बाधा येईल का, कबड्डीच्या संघात परत घेतील का, या प्रश्नांनी मी दोन रात्री टक्क जागा होतो. बाबांसमोर यातले एकही विचारण्याची सोय नव्हती आणि बाबा काळजीपोटी खोलीबाहेर जात नव्हते. मला अठरा पूर्ण नसल्याने संमतीपत्रावर सही त्यांची. ते इंग्रजीत होते. त्यांनी वाचले नाही, मला कुणी दाखवले नाही. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात आणि ती बधिरता काही तास राहते, एवढे एक वाक्य कुणी आधी सांगितले असते तर! ऑपरेशननंतर पायाचा अंगठा हलेना, तेव्हा आपण पांगळे झालो अशी माझी खात्रीच झाली. समोर बाबा हसत उभे होते, म्हणून बोललो नाही. संध्याकाळी पाळी बदलली. नव्या सिस्टरना मी धीर करून कन्नडमध्ये विचारले. त्या स्टूल ओढून बसल्या आणि दहा मिनिटांत सगळे सांगून मोकळ्या झाल्या. कन्नडमध्ये विचारणे सोपे गेले खरे. लाज मातृभाषेतच जास्त वाटते की काय, कोण जाणे.

घरी पडून असताना एकदा बाबांना विचारले, तुमच्याकडे अशा पाट्या असतात का? बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आहेत. "लई हाईत की," ते म्हणाले, "सायेब यायच्या आदल्या दिशी पुसून घेतो."

त्यातल्या एका पाटीवर पाण्याची बाटली आहे आणि तिच्यावर तिरकी लाल रेघ. भट्टीपाशी पाणी नेऊ नये, असा अर्थ. लोखंडाचा रस १३००-१४०० अंशांचा. त्याच्याखाली ओल सापडली की क्षणात तिची वाफ होते आणि रस अंगावर उसळतो. बिहारहून नव्याने आलेल्या एका पोराने अर्थ लावला, इथले पाणी पिण्यालायक नाही. म्हणून तो खोलीवरून बाटली भरून आणू लागला आणि भट्टीच्या कडेलाच ठेवू लागला! बाबांच्या वेळेत नजरेस पडली. चित्र सगळ्यांनाच कळते असे म्हणतात; मला ते पटत नाही.

शब्दांची तऱ्हाही तीच. कन्नड पाटीवर 'अपाय' असते. शब्द आपलाही, पण लिपी येत नाही म्हणून मराठी कामगाराला आपलाच शब्द ओळखता येत नाही. मराठीत 'धोका' लिहावे, तर हिंदी बोलणारा ते फसवणूक समजणार. त्याला 'खतरा' हवा. आपल्या बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून पिढ्या भांडल्या, मोर्चे निघाले, पाट्यांना काळे फासले गेले. मराठी पाटी हवी, हे मीही म्हणतो. पण पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाला ती कळली का, हे विचारायला मोर्चा लागत नाही, आणि तेवढेच कुणी विचारत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ ने नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात असे घालून दिले होते. उरलेल्या पाच जणांचे काय? हात त्यांचाही तितकाच भाजतो. आणि आम्हा वाणिज्यवाल्यांना तर १८७२ चा करार कायदा पाठ असतो. कलम १३ : एकच गोष्ट दोघांनी एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. परीक्षेत हे उत्तर लिहिताना मला बाबांची ती सही आठवली आणि पेन थांबले.

वेळ कुठे आहे, असे मालक म्हणतील, डॉक्टरही म्हणतील. मला सिस्टरनी दहाच मिनिटे दिली होती. सही आईवडिलांचीच राहू दे; पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला, घरचे बाहेर थांबवून, तेवढी दहा मिनिटे मिळावीत. आणि नव्या कामगाराला 'समजले का?' असे विचारूच नये. त्याला सगळेच 'हो' म्हणतात. मीही म्हटले होते. 'हे काय आहे, तू सांग' असे म्हणावे.

बाबा आता नव्या पोराला त्या पाटीसमोर उभे करतात आणि आपल्या हिंदीत विचारतात, "ये फोटो में क्या दिखता है?" परवा एक जण म्हणाला, "बोतल मना है, मतलब दारू पीके नहीं आने का."

"वो भी बराबर है," बाबा म्हणाले, आणि त्याला हाताला धरून भट्टीकडे घेऊन गेले.