पोर काय एकट्या आईचं आहे?

जव्हार-मोखाड्यात बाळ दगावलं की आपले प्रश्न ठरलेले. आईचं वय किती? वजन किती? दवाखान्यात उशिरा का आली? बापाला कोणी काही विचारत नाही. वावर-वांगणीला ३० वर्षं उलटून गेली, प्रश्न तेच.

अमृत आहार गरोदर आणि स्तनदा मातांना मिळतो, मिळायलाच हवा. पण बैठक मातांची, सल्ला मातांना. बाप मात्र बाहेर झाडाखाली बसलेला!

अहो, तोही विशी-बाविशीचा पोरगाच असतो. दिवाळी सरली की उचल घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर. बाळ कमी वजनाचं, बायको अशक्त, उचल फिटायची बाकी. बोलणार कोणाशी? सोबतचे हसतात. मग गुत्ता आहेच. त्याच्या दारूला शिव्या घालायला आपण सगळे पुढे. बाळाचं अंग गार पडलं तर काय करायचं, हे त्याला सांगितलं कोणी?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवस भरपगारी रजा. भट्टीवरच्या बापाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

मागणी छोटी आहे. स्थलांतराआधी पाड्यापाड्यावर बापांची बैठक घ्या. साहेबांचं भाषण नको. ज्यानं स्वतःचं कमी वजनाचं पोर जगवलंय, त्या बापाला बोलू द्या. बाकीचे आपोआप तोंड उघडतील. 'समजदार जोडीदार' उपक्रमात महाराष्ट्रातल्याच गावांत पुरुषांचे असे गट झालेत. खर्च काय, तर चहाचा.

सरपंच, सदस्य, येत्या ग्रामसभेत हा ठराव कोण मांडतंय? खाली गावाचं नाव लिहा.