परिचारिकेच्या नोंदीची एक भाषा

भिलाईच्या कारखान्यातील रूळ देशात कोठेही नेला, तरी दुसऱ्या रुळाशी बिनचूक जुळतो. कारण त्याची मापे ठरलेली असतात. परिचारिकेच्या नोंदीस अशी मापे नसावीत काय?

त्याच नगरात सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. गंभीर भाजलेला रुग्ण दीर्घकाळ अंथरुणास खिळतो, आणि शय्याव्रणाचे पहिले चिन्ह बहुधा परिचारिकेच्याच नजरेस पडते. ते चिन्ह एकीने ‘लाली’, दुसरीने ‘तांबडा डाग’, तिसरीने ‘दाबाची खूण’ असे लिहिले, तर माणूस अर्थ लावील. संगणकाला मात्र त्या तीन निराळ्या गोष्टी वाटतील. ‘शय्याव्रण, पहिली अवस्था’ म्हणजे त्वचा अभंग, परंतु दाबूनही न जाणारी लाली, असे एकदा ठरले, की पुढील पाळीतील परिचारिकेस आणि रुग्ण हलविल्यास नागपूरच्या डॉक्टरासही तोच अर्थ कळेल.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९८९ मध्ये अशा संज्ञावलीचा संकल्प केला. तिच्या संज्ञा आता ‘स्नोमेड सीटी’ या परिभाषेत समाविष्ट आहेत. भारत सरकारच्या २०१६ च्या आरोग्यनोंद मानकांनीही हीच परिभाषा स्वीकारली आहे.

ठराविक चौकटींत रुग्णाचे दुःख मावत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून मोकळ्या वाक्यास जागा राहिलीच पाहिजे, आणि संज्ञांची निवड परिचारिकांना विचारूनच व्हावी. परंतु ज्या सेवेस नाव नाही तिची मोजदाद होत नाही; आणि मोजदाद नसलेल्या सेवेसाठी मनुष्यबळ मागणेही कठीण जाते.