टायमिंग कानाने लावू नका, आणि तपासणीचे पैसे घ्या

गॅरेज टाकायचं ठरवलेली बरीच मंडळी हा चॅनेल बघतात, म्हणून आज एक मत सरळ मांडतो. इग्निशन टायमिंग कानाने लावणारा मिस्त्री कितीही हुशार असला, तरी त्या कानावर धंदा उभा करू नका.

चित्र तुमच्या ओळखीचं आहे. कार्ब्युरेटरची जुनी गाडी येते, मालक म्हणतो, "पिकअप नाही हो." मिस्त्री बॉनेट उघडतो, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करतो, चालू इंजिनवर थोडं इकडे थोडं तिकडे फिरवतो. आवाज गोड लागला की बोल्ट आवळला. "झालं, घेऊन जा!" मालकही खूश. मग कधीतरी चार माणसं बसवून तो घाट चढतो आणि इंजिन खडखडायला लागतं.

असं का होतं? टायमिंग ॲडव्हान्स केलं की आयडलवर इंजिनचा वेग वाढतो आणि आवाज मोकळा होतो. कानाला तेच आवडतं, म्हणून कान नेहमी जरा जास्तच ॲडव्हान्स निवडतो. लोड आला की तोच जास्तीचा ॲडव्हान्स नॉकिंग करतो, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनपर्यंत नुकसान जातं. उलट टायमिंग मागे राहिलं तर पेट्रोल जास्त खातं, इंजिन तापतं.

आता हिशोब बघा. ८०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ७५ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. म्हणजे ५ डिग्रीचा फरक साधारण १ मिलिसेकंदाचा. सेकंदाचा हजारावा भाग! तुम्ही ऐकता तो इंजिनच्या वेगातला बदल, ठिणगी नेमकी कधी पडली ते नाही. त्यासाठी टायमिंग लाइट आहे.

लाइटची पद्धत अवघड नाही. इंजिन गरम करा. कॉन्टॅक्ट पॉइंटची गाडी असेल तर आधी पॉइंटचा गॅप, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. बरेच जण हा क्रम उलटा करतात आणि मग दोन्ही कामं पुन्हा करत बसतात. लाल क्लिप बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, तिसरी एक नंबर सिलिंडरच्या प्लग वायरवर. मॅन्युअल सांगत असेल तर व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. आयडल मॅन्युअलप्रमाणे आणा. पुलीवरच्या किंवा फ्लायव्हीलवरच्या खुणेला आधीच खडू लावून ठेवा आणि लाइट मारा. खूण किती डिग्रीवर दिसते ते आधी लिहा, मगच बोल्टला हात लावा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट डिस्ट्रिब्यूटर फिरवला की ॲडव्हान्स होतो. बोल्ट आवळल्यावर पुन्हा लाइट मारा, कारण आवळतानाच तो सरकतो.

आणि हो, लाइटच्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. ती थांबलेली नसते. नवीन पोराला हे पहिल्याच दिवशी सांगा, बाही दुमडायला लावा.

खरी कमाई पुढच्या मिनिटात आहे. हळूहळू रेस द्या. खूण सलग पुढे सरकली पाहिजे. जागची हललीच नाही तर आतली वजनं अडकलेली असू शकतात. स्थिर आयडलवरही खूण नाचत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा बुश किंवा पॉइंट बघायला हवेत. अशा गाडीचं टायमिंग तुम्ही दहा वेळा लावलं तरी टिकणार नाही. ग्राहकाला बोलावून ती नाचणारी खूण दाखवा. दाखवलेल्या दोषाचे पैसे देताना माणूस घासाघीस कमी करतो.

इथे माझं दुसरं मत. तपासणीचं बिल वेगळं लावा, काहीही फिरवावं लागलं नाही तरी. आपल्याकडे "नुसतं तर बघितलं, त्याचे काय पैसे घ्यायचे?" असा एक संकोच असतो. लॅबवाला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून फी परत देतो का? जॉब कार्डवर तीन आकडे टाका: आयडल, आधीचं टायमिंग, नंतरचं टायमिंग. काही ग्राहक तोंड वाकडं करतील, एखादा निघूनही जाईल. जाऊ द्या. उरलेले पुढच्या वेळी तेच कार्ड घेऊन येतील.

पण फक्त या कामावर दुकान टाकू नका. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेली, आणि कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० दरवर्षी कमीच होणार. आजच्या गाडीत टायमिंग ईसीयू ठरवतो. तिथे फिरवायला डिस्ट्रिब्यूटरच नाही, स्कॅनरवर आकडा वाचायचा. "टायमिंगचं काम" म्हणून कोणी गाडी आणली तर तो टायमिंग बेल्टबद्दल बोलतोय का, ते आधी विचारून घ्या. ते काम वेगळं, खर्चही वेगळा. पीयूसीत सीओ जास्त आला म्हणूनही डिस्ट्रिब्यूटर फिरवू नका, तो मुख्यतः हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा प्रश्न आहे.

जुन्या गाडीला नंतर सीएनजी किट बसवलं असेल तिथे मात्र अजूनही हे काम मिळतं. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला ठिणगी थोडी लवकर लागते. म्हणून कोणीतरी टायमिंग पुढे करून ठेवतो, आणि गॅस संपल्यावर तीच गाडी पेट्रोलवर नॉकिंग करते. अशी गाडी आली की आधी मालकाला विचारा, महिन्यातले किती दिवस पेट्रोलवर चालवता? मग ॲडव्हान्स किती ठेवायचा ते त्याच्यासमोर ठरवा आणि तोही आकडा कार्डवर लिहा.