गालिचा धुण्याचे मशीन: घरासाठी नको, गल्लीसाठी घ्या

मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास दिसतो. मळकट सोफ्यावरून छोटे मशीन फिरते, मागे स्वच्छ पट्टा उमटतो आणि पारदर्शक टाकीत काळेशार पाणी जमा होते. ते पाणी पाहिले की आपल्या घरातला सोफाही असाच असणार, असे वाटू लागते. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात, दिवाळीचा सेल सुरू असतो आणि हप्त्याचे बटण खालीच असते. मग हे मशीन घ्यावे का?

थेट उत्तर असे: बुलढाणा जिल्ह्यातील बहुतेक घरांनी ते एकट्याने घेऊ नये. चार-पाच घरांनी मिळून घेतले, किंवा गावातल्या एखाद्या तरुणाने भाड्याने देण्यासाठी घेतले, तर मात्र हिशेब जुळतो. कसा, ते पाहू.

मशीन नेमके काय करते?

साधा व्हॅक्यूम क्लिनर कोरडी धूळ ओढतो. ओला-कोरडा व्हॅक्यूम सांडलेले पाणीही ओढतो. गालिचा धुण्याचे मशीन याच्या एक पाऊल पुढे जाते. ते साबणाचे पाणी कापडावर फवारते, ब्रशने घासते आणि मळासकट पाणी परत ओढून घेते. मात्र सगळे पाणी परत येत नाही. थोडी ओल आत राहतेच. उन्हाळ्यात ती काही तासांत सुकते. श्रावणातल्या झडीत मात्र सोफ्याला कुबट वास येतो आणि बुरशीही धरते.

घरात अंथरले काय आहे?

हे मशीन भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या थंड देशांतल्या घरांसाठी तयार झाले. आपल्याकडे खाली फरशी किंवा टाइल्स असतात आणि त्यावर सतरंजी, चटई, फार तर दिवाणखान्यात एक छोटा गालिचा. सतरंजी उचलून बाहेर नेता येते, झटकता येते, धोपटता येते, उन्हात टाकता येते. ज्याला उचलून धुता येते, त्याला या मशीनची गरज नाही.

कापसाच्या गादीवर तर ते फिरवूच नये. आतला कापूस भिजला की गोळा होतो आणि लवकर सुकत नाही. तिला ऊन आणि पिंजारी हेच औषध. लोकरी, रेशमी किंवा तागाच्या वस्तूंचा रंग उतरू शकतो, त्या आटूही शकतात. उरतो तो कापडी सोफा, फोमची गादी, सिंथेटिक गालिचा आणि गाडीची सीट. मशीनचे खरे काम एवढेच.

पाण्याचे काय?

इथे मशीनची बाजू मांडायला हवी. हाताने सतरंजी धुवायची म्हणजे भिजवणे, घासणे आणि दोन-तीनदा खळाळणे. त्यात बादल्यांमागून बादल्या जातात. मशीनचे काम त्यापेक्षा पुष्कळ कमी पाण्यात होते. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत हा मुद्दा लहान नाही.

पण पाणी कोणते, हाही प्रश्न आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातला शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरचा पट्टा खारपाण्याचा आहे. या पाण्याला फेस धड येत नाही. कापड सुकल्यावर पांढरे डाग राहतात, धागे कडक होतात आणि मशीनच्या बारीक छिद्रांत क्षार साचून फवारा बंद पडतो. बोअरचे खारे पाणी टाकीत भरू नका. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणीही चालणार नाही, कारण त्यात क्षार अधिकच असतात. गोड किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरा.

विजेचाही विचार करा. हजार वॅटची मोटर तासाला एक युनिट खाते, ते काही फार नाही. पण एवढी मोटर साध्या घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. भारनियमनात मशीन कोपऱ्यातच बसेल.

कागदावर हिशेब मांडा

समजा मशीन 15 हजारांचे आहे, वर्षातून सहा वेळा वापरले आणि पाच वर्षे टिकले. म्हणजे 30 वापर. एका वापराला 500 रुपये पडले. त्यात साबण आणि दुरुस्ती धरलेली नाही. तेच मशीन पाच घरांनी मिळून घेतले, तर प्रत्येकाचे तीन हजार जातात आणि एक वापर 100 रुपयांना पडतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी 1901 मध्ये व्हॅक्यूम क्लिनर आणला, तेव्हा तो घोडागाडीवर ठेवून दारोदार नेला जाई. खिडकीतून नळ्या आत सोडून घर साफ करून दिले जाई. म्हणजे हे यंत्र आधी सेवा म्हणून आले आणि घरोघरी विकत घेण्याची वस्तू नंतर झाले. आपल्या मंगल कार्यालयांना, मंडपवाल्यांना आणि सोफे असलेल्या दवाखान्यांना आजही तीच सेवा हवी आहे. खामगाव, मलकापूर, चिखलीसारख्या गावांत एखाद्या तरुणाला किंवा बचत गटाला यातून काम मिळू शकते.

घोड्याआधी कष्टाचा विचार

'आपल्या आजीला कुठे मशीन लागत होते?' असे म्हणणे सोपे आहे. नवरात्रापूर्वी गोधड्या आणि सतरंज्या धुणारे हात बहुतेक घरांत बाईचेच असतात. ओली गोधडी पिळताना कंबर कोणाची जाते, हे घरातल्या पुरुषांनी लक्षात घ्यावे. कष्ट वाचवण्यासाठी खर्च करणे ही चैन नव्हे. पण हे मशीन गोधडी धुत नाही, चादर धुत नाही. घरात कपडे धुण्याचे मशीन नसेल, तर पैसे आधी तिकडे जावेत.

मग एकट्याने कोणी घ्यावे?

घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील, लहान मूल फोमची गादी वारंवार ओली करत असेल, कुत्रा-मांजर असेल किंवा कापडी सोफ्यावर रोजची वर्दळ असेल, तर मशीन उपयोगी पडेल. फक्त धुळीचा त्रास असेल, दम्याचा रुग्ण असेल, तर चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम पुरे. तो फिरवताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा.

घेण्याआधी चार प्रश्न

1. सेवा केंद्र जिल्ह्यात आहे की मशीन अकोल्याला न्यावे लागेल?
2. ब्रश, नळी आणि टाकी सुटी मिळते का, कितीला?
3. कंपनीचाच साबण लागतो का? त्याची बाटली कितीला?
4. वॉरंटीत मोटर धरली आहे का?

पावती जपून ठेवा. वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ऑनलाइन खरेदीची तक्रारही आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल होते. त्यासाठी मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही.

सेलची मुदत आज रात्री संपते, असे बटण सांगेल. पुढच्या सणाला ते पुन्हा तेच सांगणार आहे. तोवर शेजारच्या चार घरांत विचारून पाहा. दोघे जरी हो म्हणाले, तरी तुमचा खर्च एक तृतीयांशावर येतो.