बोंड वरून हिरवेच दिसते



बोरीच्या बैठकीत कापसाचा भाव निघाला, वीजबिल निघाले, पीकविमा निघाला की माणसे तावातावाने बोलतात. बायांच्या दुखण्याचा विषय निघाला की पुरुष तंबाखू मळत बाहेर जातात आणि बाया पदर तोंडाला लावतात. आम्ही स्वतः असे उठून बाहेर गेलेलो आहोत. म्हणून आज हा विषय लिहूनच मांडतो. लिहिलेल्या कागदावरून उठून जाता येत नाही.

विषय आहे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख बायांना तो झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास बाया त्याने गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. या कॅन्सरचे कारण ठाऊक आहे. तो होण्याआधी पंधरा-वीस वर्षांची मुदत मिळते. तरीही एवढ्या बाया मरतात, त्या आजाराने कमी आणि अज्ञानाने व बेपर्वाईने जास्त.

कारण म्हणजे एचपीव्ही नावाचा विषाणू. हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ साली त्याची ओळख या कॅन्सरमध्ये पटवली आणि २००८ साली त्याला नोबेल मिळाले. या विषाणूच्या दोनशेच्या वर जाती आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काहींनी चामखीळ येते, आणि डझन-दीड डझन जाती कॅन्सरच्या. त्यातल्या १६ आणि १८ नंबरच्या दोनच जाती या कॅन्सरच्या शंभरातल्या सत्तर रोग्यांना कारण आहेत.

तो पसरतो शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून. एका ताटात जेवल्याने, एका हौदाचे पाणी वापरल्याने तो येत नाही. निरोधाने धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही. पुरुषाला तो झालेला बहुधा कळतच नाही, तो नुसता वाहून आणतो. क्वचित त्यालाही घशाचा, जननेंद्रियाचा कॅन्सर होतो, तेव्हा हा फक्त बायकांचा रोग हेही खरे नाही.

इथे एक गोष्ट ठळक सांगायची आहे. संसार केलेल्या दहा माणसांतल्या आठांना, बाई असो की पुरुष, हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागून जातो. चाचणीत तो सापडला म्हणून बाईच्या चारित्र्याचा पंचनामा करणाऱ्याने आधी आपले तोंड धुवावे. जन्मभर एकाच नवऱ्याशी राहिलेल्या बाईलाही तो होतो. कधी लागला, कोणाकडून लागला, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. वर्षानुवर्षे तो दबून राहू शकतो.

शरीरात तो काय करतो, हे कापूस पिकवणाऱ्याला समजावणे सोपे आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भाची काय दशा केली ते कोण विसरेल? बोंड वरून हिरवेगार, टणक. फोडले की आत अळी आणि सडलेली सरकी. एचपीव्हीचे असेच आहे. पिशवीच्या तोंडावरच्या नाजूक अस्तराला बारीक ओरखडा असला की तेवढ्यातून तो तळच्या थरात शिरतो. रक्तात जात नाही, ताप आणत नाही, पेशी मारत नाही, म्हणून शरीराच्या राखणदारांना त्याची चाहूल लागायला वेळ लागते. तरी दहातल्या नऊ बायांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकून लावते. उरलेल्या एकीत तो ठाण मांडतो. पेशीच्या वाढीला निसर्गाने घातलेली वेसण तो तोडतो, आणि पेशी मोकाट वाढू लागतात. कमी वयातले लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, विडी-सिगारेट यांनी त्याचे फावते. कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. एचआयव्ही असून उपचार नसतील तर पाच-दहाच.

आणि या सगळ्या वर्षांत बाईला दुखत नाही, खुपत नाही. ती वेचणीला जाते, खुरपायला जाते. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे ही लक्षणे दिसतात तेव्हा अळीने बोंड खाल्लेले असते. मग म्हैस विकायची, एकर-दोन एकर गहाण टाकायची, आणि छत्रपती संभाजीनगर नाही तर मुंबईची वाट धरायची.

आता दुसरी बाजू. या कॅन्सरच्या नुसत्या नावावर आपल्याकडे धंदा झाला. अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली की, “पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका.” २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यातल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली होती. टोळ्या आपल्याही जिल्ह्यातून जातात. पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या जंतूंनी होते आणि गोळ्यांनी बरे होते. एचपीव्ही असला तरी तो काही पिशवी काढायचे कारण नाही. तुकडा तपासून कॅन्सर पक्का ठरला तर शस्त्रक्रिया लागू शकते, ती करावीच. पण तपासणीचा कागद नसताना उचल घेऊन केलेले ऑपरेशन म्हणजे बाईच्या अंगावर काढलेले कर्ज आहे.

तपासणी म्हणजे तरी काय? कामगंध सापळा आपण कशाला लावतो? अळी दिसण्याआधी पतंग मोजायला. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा. इथेही तेच. तिशीनंतर पिशवीच्या तोंडावरचा नमुना घेऊन विषाणू आहे का पाहायचे. हा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. किंवा पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते नर्स बघते. डाग असेल तर तो भाग गोठवून किंवा शेकून नष्ट करता येतो. पिशवी जागच्या जागी राहते, बाई त्याच दिवशी घरी.

हे सिद्ध कुठे झाले? आपल्या शेजारी. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने, परदेशी संस्थांच्या मदतीने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजार बायांवर अभ्यास केला. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली. आठ वर्षांत त्या ३४ हजार बायांपैकी ३४ या कॅन्सरने गेल्या. तुलनेसाठी ज्यांची कोणतीच तपासणी केली नाही त्या साडेएकतीस हजारांपैकी ६४ गेल्या. २००९ साली हे निकाल छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यावरून धोरणे आखली. त्या ६४ बाया आपल्यासारख्याच ज्वारी-तुरीच्या रानातल्या होत्या. तपासणीविना कोणाला ठेवावे का, यावर नंतर वाद झाला आणि तो रास्तच होता. आमचा सवाल पुढचा आहे. पुरावा दिला भारताने, फायदा घेतला इंडियाने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायांत दोघींचीही तपासणी झालेली नव्हती.

लसीचेही असेच आहे. २०१० साली आंध्र आणि गुजरातेत एका लस-प्रकल्पात आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्याचे उघडकीस आले आणि सरकारने ते काम थांबवले. संताप योग्यच होता. पण त्याच धडाक्यात दुसरा एक अभ्यासही थांबला. बार्शी आणि पुणे त्याची केंद्रे होती. त्यातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षे त्यांना तपासले तेव्हा एक डोसही पुरतो असे दिसले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम कंपनीच्या लसीला परवानगी मिळाली. विषाणू लागण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वयात ती टोचायची. लागलेला विषाणू ती काढत नाही, म्हणून आईला चाचणी आणि लेकीला लस.

बियाणाच्या बाबतीत तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारी आपली चळवळ. १९८६ साली चांदवडला बाया लाखांनी जमल्या तेव्हा बाई माणूस आहे एवढेच त्यांना म्हणायचे होते. तेव्हा जिल्हा बैठकीत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एचपीव्ही चाचणी ठराविक वारी व्हावी आणि नमुना स्वतः घेण्याची सोय असावी. शाळेत लस देताना आईबापांना आधी मराठीत समजावून त्यांची सही घ्यावी. आणि तपासणीचा लेखी अहवाल बाईच्या हातात दिल्याशिवाय जिल्ह्यात एकही पिशवी निघू नये.

ठरावावर बोलायला बोरीच्या बायाच उभ्या राहतील. पुरुषांनी तेवढा वेळ तंबाखूची डबी खिशात ठेवून आत बसावे.