कुत्रा पिसाळला नव्हता

गेल्या महिन्यात सात वर्षांच्या मुलाला उचलून त्याचे वडील दवाखान्यात आले. पोटरीवर दातांच्या चार खुणा आणि त्यांत घरच्यांनी भरलेले तिखट! कुत्रा घरचाच, दोन वर्षांचा अल्सेशियन. मुले अंगणात पकडापकडी खेळत होती. याने साखळी तोडली आणि पळणाऱ्या पोराची पोटरी धरली.

"पिसाळला काय जी डॉक्टरसाहेब? नेऊन सोडतो त्याले जंगलात."

आधी जखम पाहिली. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुतली. तिखट, चुना, हळद काहीही लावू नका, हे या सदरात किती वेळा लिहिले ते आता मलाच आठवत नाही. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाची लस त्याच दिवशी सुरू करावी. दात रुतून रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. आणि कुत्र्याला सोडायचे तर मुळीच नाही, १० दिवस नजरेखाली ठेवायचे. जंगलात सोडल्यावर तो जगला की मेला हे कळणार कसे?

आता कुत्र्याच्या गुन्ह्याविषयी. अल्सेशियनचे खरे नाव जर्मन शेफर्ड, म्हणजे मेंढपाळ. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ या जर्मन घोडदळातल्या अधिकाऱ्याने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून ही जात घडवायला घेतली. दिवसभर कळपाच्या कडेने धावायचे, फुटणारी मेंढी वळवायची, नाहीच ऐकले तर दातांत धरायची, हे त्याचे काम. जो हे चांगले करी त्याचीच पिल्ले वाढवली गेली. आपले बागायतदार जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचाच डोळा बांधतात, त्यातलाच हा प्रकार. वरूडच्या अंगणात एकही मेंढी नव्हती, पळणारी पोरे होती. आणि कुत्रा दोन वर्षे सहा फुटी साखळीला!

इतरांचेही असेच आहे. लॅब्राडोर पाण्यातून शिकार उचलून आणण्यासाठी, म्हणून तो दिसेल ते तोंडात धरतो. आपल्या शेजारचा मुधोळ ससा नजरेने टिपून पाठलाग करणारा, त्याला पळती मांजर दाखवू नये. हस्की सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो अशा गावात त्याला आणणे म्हणजे मुक्या जनावराला शिक्षाच. अलीकडे हौसेने तीही दिली जाते.

पण जात कळली म्हणजे कुत्रा कळला असेही नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांतल्या स्वभावाच्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे, असे त्यात आढळले. बाकी त्या त्या कुत्र्याचा पिंड, वाढ, सवयी, मालक. म्हणून 'ही जातच वाईट' हे मला पटत नाही, आणि 'जातिवंत आहे, चावणार नाही' हे तर मुळीच नाही. पिल्लू घेताना लोक किंमत विचारतात, कागद विचारतात. याचे पूर्वज कोणते काम करीत होते आणि ते काम मी याला काय देणार, हे विचारणारा मला तरी अजून भेटला नाही. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये, मग कुत्रा कोणत्याही जातीचा असो, हे मात्र पाठ करून ठेवा.

त्या गृहस्थांची संत्र्याची बाग आहे. १० दिवस झाल्यावर कुत्र्याला रोज सकाळी तिकडे घेऊन जा, तासभर चालवा-पळवा, दोन-चार हुकूम शिकवा, पशुवैद्यांकडून दरवर्षी लस टोचा, असे सांगितले. दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत होता. पोराचा लसीचा शेवटचा डोस परवा झाला. कुत्रा बागेत रमला आहे म्हणतात, पण पोरगा अजून त्याच्या जवळ जात नाही. मी म्हटले, घाई करू नका.